आजीचा झोपाळा आणि वेल्डिंगचा रॉड

वाईचं घर आवरलं तेव्हा आजीने फक्त एक वस्तू मागितली. झोपाळा. शिसवी फळी आणि पितळी कड्या. बाकी भांडी, कपाटं, फडताळातला पसारा, कशाकशात तिचा जीव अडकला नाही. "मला पुण्यात झोपाळा पाहिजे," एवढंच. वय ८६. नाही म्हणायची कोणाची टाप होती?

प्रश्न असा की वाईला झोपाळा टांगला होता सागवानी तुळईला. आमच्या पुण्याच्या घरात तुळई कुठली! तयार स्लॅबला भोक पाडून हूक लावायची माझी हिंमत नव्हती. मग ठरलं, मागच्या अंगणात लोखंडी स्टँड करायचा. चौकोनी पाइप, दोन बाजूंना उलट्या व्हीसारखे पाय, वर आडवा पाइप, त्याला कड्या. चित्र काढायला दहा मिनिटं लागली. इंजिनियरच ना आपण! (सॉफ्टवेअरचे का असेना.)

कोपऱ्यावरच्या फॅब्रिकेशनवाल्या मामांकडून एका दिवसात होण्यासारखं काम. पण मला कित्येक वर्षं स्वतःचं वेल्डिंग मशीन घ्यायचं होतं आणि कारण मिळत नव्हतं. आता मिळालं. बायकोने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "घे की. फक्त एक लक्षात ठेव, त्याच्यावर आजी बसणार आहेत."

हे वाक्य पुढे महिनाभर डोक्यात घण घालत राहिलं. कोड चुकलं तर आपण पॅच टाकतो. इथे पॅच कुठे टाकणार?

तर मशीन कुठलं घ्यावं हे शोधायला बसलो, आणि नेहमीप्रमाणे भलतीकडेच पोचलो. थेट १८०२ सालात.

त्या वर्षी सेंट पीटर्सबर्गमध्ये वासिली पेत्रोव्ह नावाच्या प्राध्यापकाने तांब्याच्या आणि जस्ताच्या २१०० जोड्या रचून एक प्रचंड बॅटरी बनवली. तिच्या दोन टोकांना कोळशाचे तुकडे लावून जवळ आणले तर मधल्या फटीत डोळे दिपवणारा प्रकाश पडला. हाच तो आर्क, म्हणजे विजेची कमान. यात धातू वितळतात हेही त्याने नोंदवलं. पुढच्याच वर्षी पुस्तक छापलं, पण रशियन भाषेत. त्यामुळे पश्चिम युरोपाला त्याचा पत्ताच लागला नाही आणि आर्कचं श्रेय बराच काळ लंडनच्या हम्फ्री डेव्हीच्या नावावर राहिलं. डॉक्युमेंटेशन कुठल्या भाषेत लिहावं हा वाद तेव्हापासूनचा आहे :)

यानंतर जवळजवळ ऐंशी वर्षं आर्कचा उपयोग झाला तो मुख्यतः दिव्यांसाठी. १८८१ मध्ये फ्रान्सच्या ओग्युस्त द मेरितांने बॅटरीच्या शिशाच्या पट्ट्या कोळशाच्या आर्कने जोडल्या. मग रशियन साम्राज्यातला निकोलाय बेनार्दोस आणि त्याचा पोलिश सहकारी स्तानिस्लाव ओल्शेवस्की यांनी १८८५ पासून वेगवेगळ्या देशांत पेटंटं घेतली. एका हातात कोळशाच्या कांडीचा होल्डर, दुसरी वायर कामाला. आजच्या वेल्डरला ते चित्र लगेच ओळखू येईल. बेनार्दोसने आपल्या पद्धतीला नाव दिलं 'इलेक्ट्रोगेफेस्ट', ग्रीकांचा लोहारदेव हेफेस्टसवरून. आपल्याकडे असता तर विश्वकर्म्याचं नाव दिलं असतं.

कोळशाची अडचण अशी की त्यातला कार्बन वितळलेल्या लोखंडात शिरतो आणि जोड कडक पण ठिसूळ होतो. १८८८ मध्ये पर्मच्या तोफांच्या कारखान्यात निकोलाय स्लाव्यानोव्हने कोळसा काढून टाकला आणि त्या जागी लोखंडाचीच कांडी लावली. कांडी आर्कही पेटवते आणि स्वतः वितळून फटही भरते. एका दगडात दोन पक्षी. अमेरिकेत डेट्रॉइटच्या सी. एल. कॉफिनला १८९० मध्ये अशाच कल्पनेचं पेटंट मिळालं.

झालं की मग! वीज आहे, कांडी आहे, होल्डर आहे. पण जोड मात्र भरवशाचे येत नव्हते. आर्क मध्येच विझायचा, जोड ठिसूळ, सच्छिद्र. का? तर हवा. हजारो अंश तापलेल्या आर्कखाली लोखंडाचा थेंब वितळतो, त्या क्षणी आजूबाजूचा ऑक्सिजन आणि नायट्रोजन त्यात घुसतात. वरून जोड ठीकठाक दिसतो, आतून कुजका. ज्या हवेत आपण श्वास घेतो तीच वितळलेल्या लोखंडाची वैरी.

इथे माझ्या दृष्टीने या गोष्टीचा खरा नायक येतो. ऑस्कर शेलबर्ग (स्पेलिंगवर जाऊ नका, उच्चार साधारण असाच आहे), स्वीडनचा माणूस, वाफेच्या जहाजांवर इंजिनियर म्हणून काम केलेला. जहाजांच्या बॉयलरचे रिव्हेट गळायचे. ठोकून ठोकून बंद करायचे आणि थोड्या दिवसांनी पुन्हा गळती. शेलबर्गने गोथेनबर्गमध्ये विजेच्या वेल्डिंगने दुरुस्ती करायला घेतली आणि बिनकवचाच्या तारेच्या त्याच भानगडीत सापडला. मग त्याने काय केलं? लोखंडाची तार कार्बोनेट आणि सिलिकेट यांच्या दाट लगद्यात बुडवली आणि वाळवली. बस्स. भज्याच्या पिठात मिरची बुडवावी तसं.

तार वितळली की वरचा लगदाही जळतो. त्यातून निघालेला वायू हवेला बाजूला सारतो, आर्क स्थिर राहतो, आणि उरलेला लगदा वितळलेल्या लोखंडावर सायीसारखा तरंगतो. जोड थंड होईपर्यंत ही साय त्याला झाकून ठेवते. नंतर ती कडक होते, तिला आपण स्लॅग म्हणतो, आणि हातोडीने ठोकून काढतो. १९०४ मध्ये त्याने ईसॅब ही कंपनी काढली, १९०७ मध्ये या रॉडचं पेटंट घेतलं. आज गल्लीतल्या हार्डवेअरच्या दुकानात जो राखाडी रॉड पाकिटात मिळतो तो याच रॉडचा वंशज.

हे वाचलं आणि माझा प्रश्नच बदलला. मी 'मशीन कुठलं' म्हणून शोधत होतो. पण वेल्डिंगवर जगाने विश्वास ठेवला तो मशीनमुळे कमी, त्या लगद्यामुळे जास्त.

विश्वास बसायलाही वेळ लागलाच. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या बंदरांत अडकलेल्या शंभराहून अधिक जर्मन जहाजांची इंजिनं, जप्ती यायच्या आत, त्यांच्याच खलाशांनी फोडून ठेवली. १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली तेव्हा ओतीव लोखंडाची ती सिलिंडरं नव्याने घडवायला वेळ नव्हता. बरीचशी आर्क वेल्डिंगने सांधली आणि ती जहाजं समुद्रात गेली. १९२० मध्ये इंग्लंडमध्ये फुलगार नावाचं जहाज तयार झालं, सांगाडा पूर्ण वेल्डिंगचा. पोलंडमध्ये स्तेफान ब्रिवाने आखलेला मौझित्सेचा वेल्ड केलेला रस्त्याचा पूल १९२९ मध्ये खुला झाला, जगातला त्या प्रकारचा पहिला. रिव्हेटचा जमाना संपत आला.

आणि मग १६ जानेवारी १९४३. अमेरिकेत ओरेगनमधल्या पोर्टलंडला धक्क्याला बांधलेलं शेनेक्टडी नावाचं कोरं करकरीत तेलवाहू जहाज. समुद्रातली चाचणी नुकतीच झालेली. पाणी शांत, हवा थंड. कसलंही वादळ नाही, पाणसुरुंग नाही. रात्री मोठ्ठा आवाज झाला आणि जहाज मधोमध चिरलं, फक्त तळाचे पत्रे तेवढे धरून राहिले. त्या काळात घाईघाईने बांधलेल्या लिबर्टी जहाजांनाही असे तडे जात होते.

सुरुवातीला बोट वेल्डिंगकडेच दाखवलं गेलं. खराब टाके होतेही. पण केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर या बाईंनी दाखवून दिलं की मुळात ते पोलादच थंडीत काचेसारखं ठिसूळ होत होतं. एखाद्या चौकोनी कोपऱ्यात, एखाद्या वाईट टाक्याशी तडा सुरू झाला की थांबायचं नाव नाही. जुन्या जहाजात तडा पत्र्याच्या कडेशी येऊन थांबायचा, कारण पुढचा पत्रा वेगळा, मध्ये फक्त रिव्हेट. वेल्ड केलेलं जहाज म्हणजे एकच सलग लोखंड, त्यामुळे तडा या टोकापासून त्या टोकापर्यंत सुसाट. उपाय म्हणून पुढे काही जहाजांवर मुद्दाम रिव्हेट मारलेल्या पट्ट्या बसवल्या, तडा अडवायला. ही गोष्ट लक्षात ठेवा, झोपाळ्यात परत येणार आहे.

आता घरगुती मशीनकडे. सुरुवातीची वेल्डिंग यंत्रं कारखान्यांसाठी, अवजड, भरपूर वीज खाणारी. १९२९ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या नील्स मिलरने आपल्या तळघरात भंगार लोखंड आणि तारांतून एक छोटं मशीन जुळवलं. हेतू साधा, खेड्यापाड्यात जी तुटपुंजी वीज आहे तिच्यावर चाललं पाहिजे. शेतकऱ्याचा नांगर तुटला तर त्याने शहरात का जावं? छोट्या आर्क वेल्डरच्या कहाणीतलं हे महत्त्वाचं वळण. आपल्याकडे १९५१ मध्ये मुंबईत स्विस ओर्लिकॉनच्या भागीदारीत अडवाणी-ओर्लिकॉन कंपनी सुरू झाली. वेल्डिंगचं सामान इथे बनू लागलं, आणि पुढे गावोगावच्या एसटी स्टँडमागे निळा उजेड दिसू लागला.

लहानपणी पाहिलेलं ते मशीन आठवतं? चाकांवरची लोखंडी पेटी, घूंऽऽ असा आवाज. ती पेटी म्हणजे निव्वळ ट्रान्सफॉर्मर. घरची २३० व्होल्ट घ्यायची, पन्नास ते ऐंशी व्होल्टवर आणायची आणि अँपिअर वाढवायचे. आर्क पेटल्यावर तर वीस-पंचवीस व्होल्टच लागतात. वजन चाळीस-पन्नास किलो सहज. कारण आपली वीज ५० हर्ट्झची. असं समजा, हौदातून टाकीत पाणी न्यायचंय आणि सेकंदाला शंभरच खेपा करता येतात. मग प्रत्येक खेपेला मोठा हंडा लागणार. हंडा म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा गाभा. खेपा सेकंदाला हजारोंनी करता आल्या तर? मग पेलाही पुरेल!

इन्व्हर्टर मशीन नेमकं हेच करतं. आधी एसीचं डीसी, मग ट्रान्झिस्टरने ते सेकंदाला वीस हजार ते लाखभर वेळा चालू-बंद, मग छोटुकला ट्रान्सफॉर्मर, मग पुन्हा डीसी. फिनलंडच्या केंपी कंपनीने १९७७ मध्ये असं पहिलं मशीन बाजारात आणलं. आज तेच तंत्र पाच-सहा किलोच्या डब्यात खांद्याला अडकवून नेता येतं. शिवाय आत फीडबॅक लूप आहे. हात थरथरला, आर्कची लांबी बदलली, तरी करंट जवळजवळ तेवढाच ठेवतो. नवशिक्याला हे वरदान.

तर मी इन्व्हर्टर घेतलं. घेताना जे कळलं ते थोडक्यात सांगतो.

एक. डब्यावर मोठ्या अक्षरात २०० किंवा २५० लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नका. मागच्या पाटीवर ड्यूटी सायकल बघा. '१६० अँपिअर, ६० टक्के' म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं चालवा, चार मिनिटं थंड होऊ द्या. पाटीच नसेल तर डबा खाली ठेवा आणि नमस्कार करून बाहेर पडा.

दोन. घरकामाला एवढे अँपिअर लागतच नाहीत. तीन मिलिमीटर जाडीच्या पाइपला अडीच मिलिमीटरचा रॉड, ७० ते ८५ अँपिअर. ८० अँपिअर गुणिले २३ व्होल्ट म्हणजे १८४० वॅट, वर थोडी घट धरा. म्हणजे साधारण गीझरइतकं. १६ अँपिअरचं सॉकेट आणि नीट अर्थिंग पाहिजे. मोबाइल चार्जरच्या एक्स्टेन्शनवर हा प्रयोग करू नये.

तीन. मशीनवर वाचवा, पण काचेवर आणि हातमोज्यांवर नको. १० किंवा ११ नंबरची काच, कातडी मोजे, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट. एक क्षणभर उघड्या डोळ्यांनी पाहिलं तर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. गॅल्व्हनाइज्ड पाइप टाळा, जस्ताच्या धुराने थंडी-ताप भरतो. मी साधा काळा एमएस पाइप आणला. आणि ओल्या जमिनीवर, ओल्या मोज्यांनी अजिबात नाही.

चार. रॉडवरचा आकडा वाचा. ६०१३ मधले ६० म्हणजे दर चौरस इंचाला ६० हजार पौंडांची ताकद, १ म्हणजे उभं-आडवं-डोक्यावर कुठेही चालतो, आणि शेवटचे दोन आकडे मिळून लगद्याचा प्रकार सांगतात. यात मुख्यतः रूटाईल, म्हणजे टायटॅनियमचं ऑक्साइड. शेलबर्गच्या लगद्याची आजची पाककृती म्हणा ना.

एवढं ज्ञान मिळवून शनिवारी सकाळी बसलो. पहिले तीन रॉड नुसते चिकटले. पुढचे दहा कोंबडीने पाय ओढल्यासारखे. तिसऱ्या शनिवारी मात्र टाके असे सुरेख आले की मी फोटो काढले. दोन पट्ट्यांचा सांधा केला आणि मिरवत मामांच्या दुकानात नेला.

मामांनी पाहिलं. "दिसतंय बरं. तोडून बघितलं का?"

"तोडून? अहो मामा, आत्ता तर जोडलंय!"

"द्या इकडं." त्यांनी तो व्हाइसमध्ये पकडला आणि दोन घाव घातले. तुकडा बाजूला पडला. आतून निम्मी कड चकचकीत, लोखंडाने लोखंडाला धरलेलंच नव्हतं. उरलेल्या भागात बारीक भोकं आणि काळ्या स्लॅगची रेघ. वरून साय, आतून काही नाही.

"साहेब, करंट कमी पडलाय. आणि रॉड दमट आहेत. पाकीट उघडं ठेवलं होतं ना पावसात?"

ठेवलं होतं. जुलै महिना, शेडमध्ये, फळीवर. ज्या लगद्याची महती मी महिनाभर वाचत होतो, त्यालाच पाणी पाजलं होतं. माझा चेहरा पडला असावा, कारण मामांनी चहा मागवला. म्हणाले, "आवाज ऐकत जावा. कांदाभजी तळताना तेल कसं एकसारखं बोलतं, तसा आवाज पाहिजे. तडतड झाली की थांबायचं."

घरी येऊन एक जुना छोटा ओव्हन फक्त या कामासाठी ठेवला (खायच्या ओव्हनमध्ये कधीही नाही!). रॉड शंभर अंशांच्या आसपास तासभर तापवले आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवले. कडा ग्राइंडरने घासून उजळ केल्या. करंट दहाने वाढवला. मग जोड, तोड, जोड, तोड. बाविसाव्या तुकड्याला मामांचा हातोडा लागला तेव्हा पट्टी वाकली, सांधा सुटला नाही. मामा काही बोलले नाहीत. तुकडा परत माझ्या हातात दिला, एवढंच.

स्टँड दिवाळीच्या आधी झाला. पण वरच्या पाइपला कड्यांचे हूक लावायची वेळ आली तेव्हा मी थांबलो. आजीचा सगळा भार त्या दोन ठिकाणी. माझे टाके आता बरे होते, पण शेनेक्टडीवरचे वेल्डर तरी माझ्यापेक्षा वाईट होते का? म्हणून हूक वेल्ड केलेच नाहीत. पाइपला आरपार भोक पाडलं, जाड आयबोल्ट घातला, वर जाड पट्टी, तिच्यावर डबल नट. आणि पायांच्या सांध्यांवर वेल्डिंगशिवाय बोल्ट मारलेल्या पट्ट्या. एक सांधा उलला तरी दुसरा धरेल. मामांनी येऊन सगळे टाके पाहिले, दोन ठिकाणी घासून परत मारायला लावले. मग मी आणि भाऊ, दोघं मिळून दीडशे किलोच्या वर, तासभर झोपाळ्यावर बसलो. शेजारी हसत होते. हसू देत.

खंडेनवमीला लॅपटॉपशेजारी होल्डर आणि रॉडचा डबा पूजेला ठेवला होता, आणि लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आजी बसली. पायाने हलकासा झोका घेतला. वाईच्या कड्या तशाच किणकिणल्या.

"कुणी केला रे?"

"मी केला, आजी."

तिने माझ्याकडे पाहिलं, वर कड्यांकडे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं. "कुणाला तरी दाखवलंयस ना?"

"हो. मामांनी तपासलंय."

"मग ठीक आहे," म्हणाली आणि डोळे मिटून घेतले.